आज्ञापत्रातलं ‘काय म्हणोन’

वाद सुरू झाला आंब्या-फणसाच्या झाडांवरून. कुठं रस्तारुंदीसाठी झाडं तोडायची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरतो. वर महाराजांचं चित्र, खाली ‘छत्रपती शिवाजी महाराजांचं आज्ञापत्र’ असा मथळा आणि मग ते प्रसिद्ध वाक्य: रयतेनं ही झाडं लेकरांसारखी बहुत काळ जतन करून वाढवली, ती तोडली तर त्यांच्या दुःखास पारावार काय? वकिलांनी तो कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला.

ताई मोडी वाचतात, त्यांनी लगेच अडवलं. "वाक्य खरं आहे, मथळा चुकीचा आहे. हे शिवाजी महाराजांचं पत्र नव्हे. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावानं निघालेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातलं हे आरमाराचं प्रकरण आहे, साल १७१५-१६ च्या सुमाराचं. म्हणजे महाराज जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य, असं अभ्यासक मानतात."

"पण धोरण महाराजांचंच ना?" बापू म्हणाले. बापूंची नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यांना मथळ्यापेक्षा मजकूर महत्त्वाचा.

"धोरणाचं मूळ तिथं आहे, हे खुद्द ग्रंथच सांगतो. पण पत्र आणि ग्रंथ यांत फरक आहे. महाराजांची अस्सल पत्रं बघायची असतील तर १६७३ चं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र घ्या. चारा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी मरतील, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंजी पेटेल, असं त्यात आहे. किंवा १६७६ चं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. ज्याच्याकडं बैल नाही त्याला बैलासाठी रोख पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या आणि ते वाढीदिढी न करता, नुसतं मुद्दल, त्याला झेपेल तसं परत घ्या. ही पत्रं एका माणसाला, एका प्रसंगी लिहिलेली आहेत. आज्ञापत्र तसं नाही. सगळं पाहून झाल्यावर, मागं वळून, राज्य कसं चालवावं याची मांडणी त्यात केलेली आहे."

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "आणि लिहिणाऱ्यानं काय काय पाहिलंय तेही लक्षात घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत असलेला हा माणूस. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागं महाराष्ट्रात कारभार रामचंद्रपंतांकडं होता, ‘हुकूमतपन्हा’ असा किताब होता त्यांना. पुढं १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, १७०७ मध्ये शाहू सुटून आले, घर दुभंगलं, १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना बाजूला सारून दुसरे संभाजी गादीवर आले. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडल्यावर लिहिलेला हा ग्रंथ आहे. म्हणून त्यात उपदेश थोडा आणि ‘हे असं केलं तर अमुक बिघडतं’ हे जास्त."

"तिथंच माझी हरकत आहे," वकील म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या हुकमाचा आज काय उपयोग? भिंतीवर लावायला सुविचार म्हणून ठीक. आज राजा नाही, गड लढवायचे नाहीत, गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, बांधायच्या नाहीत."

मास्तरांनी जे उत्तर दिलं त्यावर पुढचे दोन तास गेले. ते म्हणाले, "हुकूम वाचूच नका. हुकमाच्या मागं ‘काय म्हणोन’, म्हणजे ‘का, तर’ असं येतं, ते वाचा. हुकूम शिळा होतो, कारण होत नाही. झाडांचंच बघा. तुमच्या त्या फिरत्या मजकुरात कारणाचा अर्धाच भाग आहे आणि हुकमाचा तर तुकडाच."

मग ताईंनी तो परिच्छेद पहिल्यापासून सांगितला. आरमाराला तख्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी राज्यातल्या रानात सागवान वगैरे जे असेल ते हुजूर परवानगीनं तोडावं. जास्तीचं लागेल ते परमुलुखातून विकत आणावं. आंबा, फणस हीसुद्धा आरमाराच्या कामाची लाकडं आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. काय म्हणोन, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि त्यापुढं अपवाद आहे, तो फिरत्या मजकुरात बहुतेक वेळा गळालेला असतो: एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडून न्यावं, बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये.

"म्हणजे हे नुसतं झाडांवरचं प्रेम नाही," मास्तर म्हणाले. "ही संमतीची आणि भरपाईची तरतूद आहे. झाड कुणाचं, किती वर्षांचं, पर्याय काय, मालक राजी आहे का, पैसे दिले का, असे पाच प्रश्न आहेत त्यात. वृक्षतोडीच्या सुनावणीला जाणाऱ्यानं पारावार घेऊन जाण्यापेक्षा हे पाच प्रश्न घेऊन जावेत."

"मालकाला राजी करण्याची अट आजच्या भूसंपादनातसुद्धा सगळीकडं नाही," वकिलांनी कबूल केलं. पण त्यांनी हरकत सोडली नाही. "बरं. झाडांचं कारण टिकलं. पाण्याचं सांगा. गडावरची टाकी माझ्या शहराला काय शिकवणार?"

हा चेंडू बापूंचा होता. इथं ते जे बोलले ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा विस्तारानं देतो.

"आज्ञापत्र सांगतं की गड बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर आधी खडक फोडून, पुढच्या पावसापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी करा, मग बांधकाम. इथवर कुणीही शहाणा माणूस सांगेल. खरी गंमत पुढं आहे. गडावर झरा आहे, पाणी जेमतेम पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नका. कारण काय दिलंय? झुंजाच्या वेळी तोफांच्या आवाजाखाली झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च त्याच वेळी वाढतो. म्हणून दोन-चार टाकी ‘जखिऱ्याचं पाणी’ म्हणून वेगळी बांधा आणि त्यातलं एरवी खर्च होऊ देऊ नका."

"जखिरा म्हणजे राखीव साठा," ताईंनी सांगितलं.

"हो. आता हिशेबाची रचना बघ, वकील. आपल्याकडं आपण आवक धरतो सरासरीची आणि मागणी धरतो सरासरीची. दोन्ही जुळले की योजना मंजूर. आज्ञापत्र म्हणतं, संकट आलं की आवक घटते आणि मागणी वाढते, आणि दोन्ही एकाच कारणानं, एकाच दिवशी. दुष्काळात तेच होतं. धरणात येवा नाही, बाष्पीभवन जास्त, विहिरी आटलेल्या, म्हणून जे लोक एरवी विहिरीवर भागवायचे तेही नळावर येतात. सरासरीच्या हिशेबात हे दिसतच नाही. योजना फसते ती याच ठिकाणी."

"मग धरणात मृतसाठा असतोच की," वकील म्हणाले.

"तीच तर गल्लत. मृतसाठा म्हणजे निर्गमद्वाराच्या खालचं पाणी. ते आपोआप बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं, त्यात गाळ असतो आणि गाळ साठेल तसा तो साठा कमी होत जातो. तो जखिरा नव्हे, ते उरलेलं पाणी आहे. जखिरा म्हणजे वापरण्याजोगं, चांगलं पाणी, जे मुद्दाम बाजूला ठेवलंय आणि ज्याला हात लावायचा हुकूम कुणी द्यायचा हे आधीच ठरलंय. निम्मं काम बांधकामाचं असतं, निम्मं त्या ‘खर्च होऊ देऊ नका’चं. टाकी बांधणं सोपं. मार्चमध्ये पाण्यासाठी ओरडा सुरू झाल्यावर तिला कुलूप ठेवणं अवघड."

मास्तरांनी याला दारूखान्याची जोड दिली. दारूखाना घरांपासून दूर. तळघर करून जमिनीला गच करायचा, त्यावर माच घालून दारूचे बस्ते-मडकी ठेवायची, म्हणजे ओल खालून चढत नाही. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण, होके (फेकायचे दारूगोळे) बाहेर काढायचे, ऊन द्यायचं, पुन्हा आत ठेवून मुद्रा करायची. "काम कोणी करायचं, किती दिवसांनी करायचं, आणि झालं हे कशावरून कळायचं, तिन्ही आहेत. आपल्या कितीतरी परिपत्रकांत यातलं एक तरी गायब असतं."

गडाच्या प्रकरणात असे तपशील पानोपानी आहेत. एकच दरवाजा हा मोठा अयब, म्हणजे दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. तटात उगवलेली झाडं वरचेवर काढावीत, पण गडाखालची झाडी वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये. केरकचरा गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करवावा. आणि किल्ल्याशेजारी दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून नाहीसा करावा, तेही होत नसेल तर तोच बांधून मजबूत करावा.

त्या शेवटच्या वाक्यापाशी मास्तर थांबले. "१६६५ मध्ये मोगल सरदार दिलेरखानानं आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरावर मारा केला. पन्हाळ्याशेजारी पावनगड उभा राहिला तो याच भीतीनं. आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर गोळे टाकले ते समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून. ग्रंथात लिहिलेलं होतं. शंभर वर्षं लिहिलेलं होतं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग वकिलांनी जो मुद्दा काढला तो खरोखर वजनदार होता. "मास्तर, तुम्ही आता स्वतःच तुमच्याविरुद्ध पुरावा दिलात. लिहिलेलं होतं आणि पाळलं गेलं नाही. कायद्याच्या पुस्तकात काय आहे त्यावरून समाजात काय चालतं हे ठरवता येत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आज्ञापत्र म्हणजे राज्य कसं असावं याचं चित्र. ते कसं होतं याचा दाखला नव्हे. आणि लिहिणाराही तटस्थ नव्हे. वतनांवर, म्हणजे घराण्यात चालत आलेल्या हक्कांवर, एवढं कडक लिहितो, पण जिंजीच्या काळात वतनं आणि सरंजाम वाटले गेले तेव्हा महाराष्ट्रातला कारभार कोण बघत होतं?"

"हेच रामचंद्रपंत," ताई म्हणाल्या. "आणि अमात्यांच्या घराण्याकडं बावड्याची जहागीर कोल्हापूर संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या चालली."

"मग?"

मास्तर म्हणाले, "तरीही वाचायचं, उलट जास्त बारकाईनं वाचायचं. काय लिहिलंय ते बघा. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना वतनदार म्हणणं ही नुसती बोलायची पद्धत, ते छोटे पण स्वतंत्र देशनायकच आहेत, राज्याचे दायाद आहेत. दायाद म्हणजे भाऊबंद, वाटा मागणारे. परचक्र आलं की वतनाच्या लोभानं हे आधी शत्रूला जाऊन भेटतात, इकडचं तिकडं सांगतात. म्हणून काय करायचं? त्यांचं चालत आलेलं काढून घ्यायचं नाही आणि सत्ता वाढू द्यायची नाही. मर्जी आणि दंड यांच्या मध्ये ठेवायचं. आणि चाकरी केली म्हणून नवं वतन, नवा गाव इनाम द्यायचा नाही, बक्षीस दुसऱ्या तऱ्हेनं द्यायचं. कारण प्रत्येक राजा थोडं थोडं देत गेला तर शेवटी राज्यच उरत नाही. वकीलसाहेब, औरंगजेब वतनं देतोय म्हणून आपल्यालाही द्यावी लागली, हे ज्यानं स्वतः केलं त्याचे हे शब्द आहेत. उपाय करताना त्याची किंमत काय पडली हे त्याला ठाऊक होतं."

"असेल," वकील म्हणाले, "पण या सगळ्या प्रकरणात रयतेनं बोलायची जागा कुठं आहे? रयत म्हणजे लेकरू, राजा म्हणजे बाप. आणि वतनाच्या उतरंडीत सगळ्यांत खाली जी महार वतनं होती, त्यांचं दुःख या देशनायकांच्या चर्चेत कुठं बसतं? तिथं वतन म्हणजे सत्ता नव्हती, राबवून घेण्याची साखळी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते त्यासाठी. परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली १९५० च्या कायद्यानं, कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या आणि मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या. रामचंद्रपंतांना जे ‘मर्जी आणि दंड यांच्यामध्ये’ ठेवायचं होतं ते आपण कायद्यानं मोडलं. मग आज्ञापत्र आपल्या मागं आहे, पुढं नाही."

यावर मास्तरांनी मान डोलावली आणि माझ्या मते ती डोलवायलाच हवी होती. जन्मानं मिळणाऱ्या सत्तेचा धोका आज्ञापत्रानं राज्याच्या बाजूनं पाहिला. त्या सत्तेखाली चिरडलेल्याच्या बाजूनं पाहायला विसावं शतक यावं लागलं. हे दोन्ही एका ग्रंथात शोधणं चूक आहे.

पण ताईंनी एक बाब सोडली नाही. "वतन गेलं म्हणजे ते कारण गेलं का? पद एका घरात स्थिरावलं की ते घर वरच्या सत्तेशी सौदा करू लागतं आणि वारा फिरला की आधी जाऊन भेटतं, हे निरीक्षण कायद्यानं रद्द होत नाही." त्यावर कुणी नावं घेऊ लागण्याच्या आत बापूंनी विषय आरमाराकडं वळवला, ते बरंच झालं.

आरमाराच्या प्रकरणातलं एक कलम फारसं कुणी उद्धृत करत नाही, पण मला ते झाडांच्या परिच्छेदाच्या तोडीचं वाटतं. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं यांचा एक सुभा, म्हणजे एक तुकडी, गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, वगैरे मोजमाप झाल्यावर प्रश्न येतो पगाराचा. आरमाराचा तनखा मुलखातून आधी नेमून द्यावा. पैदास्तीवर, म्हणजे आरमार समुद्रात जे मिळवेल त्यावर, त्याचा खर्च लावू नये. काय म्हणोन, तर मग ते मिळवण्यासाठी सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, उपद्रव करतं, सावकारी बुडते आणि बंदरं ओस पडतात. तसंच आरमाराची पावसाळी छावणी दर वर्षी एकाच बंदरात करू नये. त्याच एका गावाला दर वर्षी जाच नको.

"वसुलीच्या वाट्यावर जगणारं कोणतंही खातं घे," वकील लगेच म्हणाले. इथं त्यांची हरकत पूर्ण विरघळली होती. "तपासनीसाला दंडाचं लक्ष्य दिलं की तो गुन्हा थांबवत नाही, त्याला गुन्हा हवा असतो. पगार तिजोरीतून, दंडही तिजोरीत. हे कलम मी कोर्टात वाचून दाखवीन."

"तेव्हा सालासकट आणि कुणाच्या नावानं निघालं त्यासकट वाच," ताई म्हणाल्या.

उरला तो टोपीकरांचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचा भाग, आणि सगळ्यांत जास्त गैरवापर होतो तो याचाच. कुणीतरी ‘परदेशी कंपन्यांना दारं बंद करा, आज्ञापत्रात लिहिलंय’ असं म्हणतं. तसं त्यात नाही. सावकार म्हणजे राज्याची शोभा, परमुलुखातला माल त्याच्यामुळं येतो, संकटात कर्ज त्याच्याकडून मिळतं, त्याला जपावं, हे आधी येतं. मग फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार, म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन्मार्कचे लोक. हेही सावकारी करतात, पण वरकड सावकारांसारखे नव्हेत, कारण यांच्या प्रत्येकाच्या मागं एकेक राज्य उभं आहे. आरमार आणि दारूगोळा हे त्यांचं बळ. हाती आलेलं स्थळ ते मेल्यानंही सोडायचे नाहीत. म्हणून येण्याजाण्यापुरता संबंध ठेवावा. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. किनाऱ्यापासून आत, काही कोसांवर, राजापुरासारख्या मोठ्या शहरात, चारचौघांच्या वस्तीत द्यावी आणि पक्की, बळकट इमारत बांधू देऊ नये.

"राजापूरच का?" बापूंनी विचारलं.

"कदाचित या आठवणीनं," मास्तर म्हणाले. "१६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला राजापूरच्या वखारीतले इंग्रज गेले होते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर मारलं, त्यांना कैद केलं. व्यापारी म्हणून आलेला माणूस वेढ्यात तोफ घेऊन उभा राहतो, हे राज्यानं एकदा पाहिलं होतं."

"मग आज?"

मास्तर म्हणाले, "आजचा प्रश्न परदेशी की देशी असा नाही. व्यापाऱ्याच्या मागं कोण उभं आहे, मालकी शेवटी कुणाकडं जाते, आणि त्याला दिलेली जागा किंवा वस्तू नाक्याची आहे का, असा आहे. कापड विकणाऱ्याला खाडीचं तोंड लागत नाही. बंदर, केबल, माहितीचा साठा ही आजची खाडीची तोंडं. तिथं बळकट इमारत बांधायची परवानगी देताना वेगळी चाळणी लावायची, दुकान काढताना नाही."

आणि मग त्यांनी १७५६ ची आठवण दिली. ग्रंथ लिहून जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. पेशव्यांनी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्र्यांना मोडायला इंग्रजांची मदत घेतली आणि त्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत मराठी आरमार जळालं. तुळाजी नाठाळ होता, सत्तेला जुमानत नव्हता, हे वतनाच्या प्रकरणातलं कारण. टोपीकरांना खाडीत घेऊ नये, हे सावकाराच्या प्रकरणातलं. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग, हे शेवटच्या प्रकरणातलं. तिन्ही कारणं एकाच खाडीत समोरासमोर आली.

"आणि तिथं आज्ञापत्र गप्प आहे," वकील म्हणाले. "दोन कारणांची टक्कर झाली तर कुठलं आधी, हे ते सांगत नाही."

"नाही सांगत," मास्तर म्हणाले.

शेवटी ताईंनी झाडांच्या त्या मजकुराखाली घालायचा मथळा वहीत लिहून काढला आणि सगळ्यांनी तो मान्य केला: ‘आज्ञापत्र, आरमार प्रकरण. कोल्हापूरचे संभाजी छत्रपती यांच्या नावे, रामचंद्रपंत अमात्यकृत, सुमारे १७१५-१६.’ बापूंच्या आग्रहावरून त्याखाली गळालेलं वाक्यही आलं, धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं. वकिलांना ते ठळक अक्षरात हवं होतं. तसंच केलं.